तिरपी अक्षरं

स्मरणिकेसाठी शाळेबद्दल चार ओळी लिही, असा निरोप आला. लिहायला बसले, तर शाळा बाजूलाच राहिली आणि डोळ्यांपुढे आल्या त्या आपल्या संगणकाच्या बाई.

बाकीच्या तुकड्या टायपिंग गिरवत होत्या, तेव्हा बाईंनी आम्हाला टिडलीविकी हे टिपणं ठेवायचं सॉफ्टवेअर दिलं. जेरेमी रस्टन यांनी 2004 मध्ये केलेलं. अख्खी वही ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या एकाच एचटीएमएल फाइलमध्ये. ना इंटरनेट लागे, ना इन्स्टॉल करण्याची कटकट. 'विकी' म्हणजे हवाईच्या भाषेत 'लवकर', हे बाई अगदी सावकाश सांगायच्या!

मी इतिहासाची टिपणं घ्यायचं ठरवलं आणि विचारलं, "बाई, मुद्दे किती घालू?"

"वही तुझी, मला कशाला विचारतेस?" बस, एवढंच. कोणी क्रिकेटचे धावफलक ठेवले, कोणी कविता. एकाने तर मित्रांच्या उधारीचा हिशेब मांडला. बाईंनी त्यालाही अडवलं नाही, टॅग कसे लावायचे ते तेवढं दाखवलं.

इंग्रजीत शब्द जोडून प्रत्येकाचं पहिलं अक्षर कॅपिटल केलं की त्या नावाच्या पानाचा आपोआप दुवा व्हायचा. देवनागरीत कॅपिटल कुठून आणणार? मग दुहेरी चौकटी कंस. मी हौसेने जवळजवळ प्रत्येक शब्दाला कंस दिले. जे पान अजून लिहिलेलं नाही त्याचा दुवा तिरप्या अक्षरांत दिसतो, त्यामुळे माझं अख्खं पानच कललं. बाई मागे येऊन उभ्या राहिल्या, चष्मा वर सरकवला. "एवढी उधारी फेडणार आहेस?" शेजारी बसून एकेक कंस काढायला लावला, मधली सुट्टी त्यातच गेली. तीन दुवे उरले. ती तिन्ही पानं मी लिहिली आणि घाईत सेव्ह न करताच खिडकी बंद केली. "पुन्हा लिहिशील ते जास्त चांगलं लिहिशील," बाई म्हणाल्या. राग आला होता, खोटं कशाला बोलू? दोन पानं पुन्हा लिहिली, तिसरं राहिलं.

आज मी भाषांतरं करते. शब्दांच्या नोंदी विकीतच ठेवते, रकाने माझे मीच पाडलेले. हल्ली मुलांना आयते साचे मिळतात, त्यात फक्त भरायचं. बघवत नाही.

परवा शाळेतली ती फाइल सापडली. उघडते अजून. सेव्ह मात्र होत नाही. फायरफॉक्स ब्राउझरच्या ज्या ॲड-ऑनवर, म्हणजे जोड-सॉफ्टवेअरवर, पुढे सेव्ह करणं चालायचं, ते 2017 मध्ये बंद पडलं. 'नाणी' हा दुवा तिरपाच आहे.