दांडिया बाजारातलं घर कॅनडात मोजत नाहीत

बडोद्याहून फोन आला की तब्येतीची चौकशी संपायच्या आत प्रश्न येतो : "कॅनडात स्थायिक व्हायचं तर खात्यात पैसे किती दाखवावे लागतात गं?" आकडा सांगायला सोपा आहे. कॅनडाच्या एक्स्प्रेस एंट्रीत, म्हणजे कायमच्या वास्तव्याच्या अर्जांच्या ऑनलाइन व्यवस्थेत, फेडरल स्किल्ड वर्कर (कुशल कामगार) म्हणून अर्ज करायचा, तर जुलै २०२५ च्या तक्त्यानुसार एकट्याला १५,२६३ कॅनेडियन डॉलर, दोघांना १९,००१, चौघांना २८,३६२. तक्ता दरवर्षी बदलतो. नवरा आधी जाणार आणि बायकामुलं मागाहून, असं ठरलं असलं तरी मोजणी सगळ्या कुटुंबाची.

आपल्या लोकांचं घोडं अडतं ते पुढे. पैसा असतो, पण कागदावर तो आपला नसतो. दांडिया बाजारातलं आजोबांचं घर, आईच्या लॉकरमधलं सोनं, बाबांच्या नावावरची एफडी. आपल्या हिशेबी हे सगळं 'घरचंच'. पण कॅनडाचा अधिकारी फक्त एवढंच बघतो, की हा पैसा तुमचा आहे का आणि उद्या काढून कॅनडात आणता येईल का. घराची किंमत धरत नाहीत. उसना पैसा चालत नाही, मग तो बँकेचा असो की मामाचा. मामाने महिनाभर खात्यात ठेवायला दिलेले चार लाख तर लगेच उघडे पडतात, कारण पुरावा म्हणून द्यायच्या बँकेच्या पत्रात सहा महिन्यांची सरासरी शिल्लक लिहावी लागते.

हे पत्र म्हणजे एक प्रकरणच. आमच्या शाखेने आधी एका ओळीचा दाखला हातात ठेवला : अमुक तारखेला अमुक शिल्लक. लेटरहेडवर बँकेचा पत्ता, फोन, ईमेल, प्रत्येक खात्याचा नंबर, ते कधी उघडलं, आजची शिल्लक, सरासरी आणि डोक्यावर कर्ज असेल तर तेही, एवढं सगळं हवं म्हटल्यावर काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, "बेन, आवुं फॉर्मेट अमारे त्यां नथी." शेवटी मजकूर मीच टाइप करून नेला आणि मॅनेजरांनी तो लेटरहेडवर उतरवून दिला. ज्या गावात सयाजीराव महाराजांनी १९०८ साली बँक ऑफ बडोदा काढली, तिथे एका पत्रासाठी एवढ्या खेपा! कॅनडा सरकारकडून अर्जाचं बोलावणं आल्यावर कागद चढवायला ६० दिवस मिळतात, म्हणून पत्राचं काम आधीच सुरू केलेलं बरं.

आईवडिलांना पैसे द्यायचेच असतील तर उसने नकोत, सरळ बक्षीस म्हणून द्यावेत. गिफ्ट डीड (बक्षीसपत्र) करावं आणि पैसे चेकने किंवा ऑनलाइन यावेत, म्हणजे एवढी रक्कम अचानक कुठून आली याचं उत्तर कागदावरच राहतं. आणि अर्ज गेला म्हणून त्या पैशात भावाचं लग्न उरकू नका. व्हिसा मिळेपर्यंत ते तसेच हवेत.

कॅनडात काम करून कॅनेडियन एक्स्पिरियन्स क्लासमधून अर्ज करणाऱ्यांना हे काही दाखवावं लागत नाही. मुलाला शिकायला पाठवणाऱ्यांचा हिशेबही निराळा : सप्टेंबर २०२५ पासून क्वेबेक प्रांत सोडून एकट्या विद्यार्थ्याला फी आणि प्रवासखर्च सोडून २२,८९५ डॉलर. कारेलीबागेतल्या काकू हे दोन आकडे नेहमी एकत्र करतात.

आता माझं मत. स्थायिक होणाऱ्यांचा सरकारी आकडा म्हणजे कॅनडातल्या कमी उत्पन्नाच्या रेषेच्या निम्मी रक्कम. त्यावर सहा महिने निघतील असं धरून येऊ नका. कॅलगरीत घर घेताना पहिलं भाडं आणि साधारण तेवढंच डिपॉझिट एकदमच जातं, शिवाय थंडीचे कपडे, बूट, फोन. नोकरी लागेपर्यंतचं भाडं वेगळं धरून जमवा.

शिक्षण आणि औषधोपचार सोडून इतर कारणासाठी भारतातून पैसे पाठवताना एका आर्थिक वर्षात माणशी १० लाख रुपयांच्या वरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते. रिटर्न भरल्यावर तो वळता होतो, पण तोवर हातात नसतो. म्हणून नवराबायकोने आपापल्या खात्यातून पाठवावेत, आणि जमलं तर थोडे मार्चमध्ये, थोडे एप्रिलमध्ये.