पाच बावीसची लोकल

आमच्या ऑफिसात दर मार्चला एक फॉर्म येतो, कामावर तुम्ही किती समाधानी आहात, १ ते ५ मध्ये सांगा. मी डोळे मिटून ४ टाकते, कारण ३ टाकलं की एचआरवाली 'बोलूया का जरा' म्हणून मेसेज करते आणि अर्धा तास जातो. यंदाही ४ च टाकले, पण यंदा डोक्यात किडा होता. मी बाहेरून समाजशास्त्रात एमए करतेय (वय ४१, हसा) आणि नेमका त्याच आठवड्यात समाजशास्त्रज्ञ आर्ने कॅलेबर्गचा नोकरीतल्या समाधानावरचा १९७७ चा पेपर वाचायला होता.

डेटा अमेरिकेतला, १९७२-७३ चा, नोकरदारांचा सर्व्हे. या कॅलेबर्गने काय केलं, तर नोकरीतून मिळणाऱ्या गोष्टींचे सहा गट पाडले, कामातला इंटरेस्ट, सोय, पैसा, सहकारी, बढती, आणि काम नीट करायला लागणारी मदत-साधनं. मग प्रत्येकाबाबत दोन वेगळे प्रश्न, हे तुला मिळतं का आणि याची तुला किती पडलीय. जास्त मिळालं की समाधान वाढतं, ते आपल्यालाही कळतं, पण दोघांना मिळणारं सारखंच धरलं तर ज्याला त्याची जास्त पडलीय तो कमी समाधानी निघाला. हे वाचून मी जरा थांबलेच. म्हणजे माझे ते ४ नोकरीचे मार्क आहेत की मी मागणं सोडल्याचे?

आणि त्या 'सोय' गटात काय काय आहे बघा, येण्याजाण्याची सोय, कामाच्या वेळा आणि चक्क 'घरचे प्रॉब्लेम विसरता येतात'. मला एकदम आई आठवली.

आई वागळे इस्टेटमधल्या एका औषध कंपनीत २९ वर्षं पॅकिंगला होती. रविवारी तिला विचारलं, कशी होती गं नोकरी? शेंगा सोलता सोलता म्हणाली, "छान होती की. पगार वेळेवर, पाच बावीसची लोकल मिळायची आणि आत गेलं की तुझी आजी डोक्यातून जायची." कॅलेबर्गचा अख्खा गट बाईने एका दमात सांगितला!

अँड्र्यू क्लार्क नावाच्या अर्थशास्त्रज्ञाचा १९९७ चा एक पेपर आहे, ब्रिटनमधला. तिथे बायकांच्या नोकऱ्या पुरुषांपेक्षा बेकार, तरी समाधान मात्र बायकांचं जास्त. पण तरुण, जास्त शिकलेल्या किंवा पुरुषांचा भरणा असलेल्या ठिकाणी काम करणाऱ्या बायकांत हा फरकच गायब. त्याचं म्हणणं असं की सगळा खेळ अपेक्षांचा, आणि या बायकांच्या अपेक्षा पुरुषांएवढ्याच असतात. आमच्या एचआरला हा पेपर दाखवू नये, नाहीतर भरती करताना अपेक्षाच तपासायला लागतील.

आईला म्हटलं, वाईट काहीच नव्हतं का?

"पहिली सात वर्षं बसायला स्टूल नव्हतं. उभ्यानेच पॅकिंग."

मग बोलली नाहीस कधी?

"स्टूल मागायचं असतं हे कुणाला माहीत होतं? युनियनवाल्यांनी मागितलं तेव्हा कळलं. त्यानंतर मात्र पाय जाम दुखायला लागले बघ."