कागदासाठी तीन फेऱ्या

चवथीच्या आदल्या आठवड्यात माझ्या धाकट्या बहिणीला घेऊन सरकारी इस्पितळात गेले. मनगट सुजलेलं, कानामागे काळंनिळं. तिचा नवरा बरोबर आलाच. डॉक्टरांनी विचारलं तिला, उत्तर दिलं यानं, "न्हाणीत घसरली." डॉक्टरांनी तसंच लिहायला घेतलं.

सिस्टर मात्र हुशार. "एक्स-रेच्या आधी कपडे बदलायचेत, पुरुषांनी बाहेर थांबा," म्हणत त्याला घालवलं आणि पडदा ओढला. मग हळूच, "बाय, घरी कोण हात उगारतं?" धाकटी रडायलाच लागली. सिस्टरनी घाई केली नाही, "तू का सहन केलंस" हेही विचारलं नाही. फक्त एवढंच, की आज रात्री घरी जायला भीती वाटते का. वाटते, म्हणाली. तिला मी माझ्याकडे आणलं. डॉक्टरांनीही पहिली ओळ खोडून तिच्या शब्दांत लिहिलं : कोणी, कशानं, कधी मारलं. एमएलसीची, म्हणजे पोलिसांना कळवायच्या केसची, नोंदही झाली.

इथवर सगळं सुरळीत. पुढे त्या तपासणीच्या रिपोर्टची प्रत हवी होती, आणि तिथे माझं डोकं फिरलं.

खिडकीवरचा क्लार्क म्हणाला, "पोलिसांचं पत्र आणा." पोलीस स्टेशनात गेले तर, "आधी इस्पितळाचा रिपोर्ट आणा." दोघंही शांत, घामाघूम मी. दुसऱ्या फेरीत साहेब मीटिंगला. साडेबारापर्यंत बाकावर बसले, मग खिडकी जेवायला बंद. डोळ्यांसमोर घरची अर्धी राहिलेली माटोळी, गणपतीवर बांधायची फळापानांची. क्लार्कचं पालुपद एकच, "मॅडम, तक्रार नाही तर कागद नाही."

संध्याकाळी 181 या महिला हेल्पलाइनवर फोन केला. पलीकडच्या बाईंनी सांगितलं, तोंडी मागू नका, लेखी अर्ज द्या, आणि त्यात कौटुंबिक हिंसाचाराच्या 2005 च्या कायद्याचं कलम 7 स्पष्ट लिहा. त्याच कायद्याच्या नियमांत 17 वा नियम आहे. आधी कौटुंबिक घटनेचा अहवाल नोंदवला नाही म्हणून इस्पितळाला उपचार किंवा तपासणी नाकारता येत नाही. तो अहवाल झाला नसेल तर इस्पितळाच्या प्रमुखानं स्वतः नमुना 1, म्हणजे त्या अहवालाचा फॉर्म, भरून या कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याकडे पाठवायचा. आणि रिपोर्टची प्रत बाईला फुकट द्यायची. फुकट! मी झेरॉक्सचे सुटे पैसे मुठीत धरून उभी होते.

तिसऱ्या फेरीला धाकटीच्या सहीचा अर्ज नेला. क्लार्कनं दोनदा वाचला. "हे कुठून आणलंत?" "कायद्यातून," म्हटलं. जरा चढूनच म्हटलं, कबूल करते. दहा मिनिटांत साहेबांची सही झाली. नमुना 1 मात्र तोवर कोणी भरलेलाच नव्हता, तो समोर बसून भरून घेतला.

अर्जाच्या दोन प्रती काढा, एकीवर आवक शिक्का घ्या. हे मला नंतर सुचलं, म्हणून इथे लिहिते. जखमांचे फोटो पहिल्याच दिवशी काढा, काही दिवसांत काळंनिळं पिवळं पडतं. आणि प्रत बाईच्या घरी ठेवू नका. धाकटीची माझ्या कपाटात आहे, लग्नातल्या शालूच्या घडीत.