जिन्यावरची योलांडा

रविवार, रात्रीचे साडेअकरा

आज दुपारी जर्मन दिग्दर्शक फासबिंडरचा ‘आंग्स्ट एसेन झेले आउफ’ हा सिनेमा पुन्हा पाहिला. कॉलेजात पहिल्यांदा पाहिला होता, तेव्हा मनात राहिली ती नुसती प्रेमकथा. पाऊस लागला म्हणून साठीची विधवा एमी म्युनिकमधल्या एका बारमध्ये शिरते, तिथे तिच्याहून वीसेक वर्षांनी लहान असलेला मोरोक्कन कामगार अली तिच्याशी नाचतो आणि थोड्याच दिवसांत दोघं लग्न करतात. आज मात्र डोक्यातून जिना जात नाहीये.

एमी साफसफाईची कामं करते. लग्नाचं कळल्यावर सोबतच्या बायका तिला वाळीतच टाकतात. जेवणाच्या सुट्टीत ती जिन्यावर एकटी बसते आणि कॅमेरा तिच्याकडे कठड्याच्या गजांमधून बघतो. मुलगा तर बातमी ऐकून लाथ घालून टीव्ही फोडतो. कोपऱ्यावरचा दुकानदार अलीला सामान देत नाही.

मग वारं फिरतं. दुकानदाराला गिऱ्हाईक हवं असतं, शेजारणीला तळघरातली जागा, मुलाला नातवंड सांभाळायला आजी. कुणाचंही मन बदललेलं नसतं, गरज तेवढी निघालेली असते. कामावरच्या बायकाही पुन्हा एमीजवळ येऊन बसतात. तेवढ्यात तेव्हाच्या युगोस्लाव्हियातल्या हर्झेगोव्हिनाहून आलेली योलांडा नवीन कामाला लागते, तीही कमी पगारावर. तोच जिना, तीच जेवणाची सुट्टी. बायका पगारवाढीचं बोलतायत, योलांडा दूर, त्याच गजांआड. आणि एमी त्या बायकांत.

इथे मी सिनेमा थांबवला आणि मागे नेऊन परत बघितला. एमीच्या चेहऱ्यावर दुष्टपणा शोधत होते, पण तो नाहीच. पंगतीत परत जागा मिळाल्याचं समाधान आहे फक्त. मला तेच जास्त लागलं.

घरातही तेच होतं. अलीला त्याच्या देशातलं कुसकुस खावंसं वाटतं, तर एमी म्हणते, इथल्या रीतींची सवय करून घे. ज्या घरात त्याला पहिल्यांदा माया मिळाली, तिथेच तो परका होतो. एमी त्याचे दंड मैत्रिणींना चाचपून बघायला देते, तेव्हा तो मुकाट उभा असतो. तो गप्प उभा असलेला अली बघवत नाही.

1974 सालचा सिनेमा, जेमतेम पंधरवड्यात चित्रित केलेला. दिग्दर्शक होता तिशीच्या आतला. पश्चिम जर्मनीने 1955 पासून करार करून बाहेरचे कामगार आणले, मोरोक्कोशी करार झाला 1963 मध्ये, आणि 1973 च्या नोव्हेंबरात भरती बंद. त्यांना नाव दिलं ‘पाहुणे कामगार’. एका खोलीत सहा-सहा जण राहणारे पाहुणे! परदेशी कामगारांवर तोंडसुख घेणाऱ्या एमीच्या जावयाचं काम फासबिंडरने स्वतः केलंय, हे मला फार प्रामाणिक वाटतं. सिनेमाचं नावसुद्धा अलीच्या मोडक्या जर्मनमधलं, व्याकरण चुकलेलं. आपल्याकडे म्हणायचं तर ‘भीती आत्मा खाऊन टाकणे’. ते दुरुस्त न करता तसंच पोस्टरवर लावलं. परक्या माणसाला पडद्यावर जागा देणं म्हणजे काय, ते मला या चुकलेल्या क्रियापदात सगळ्यात जास्त दिसतं.

आणि ‘अली’ हे त्याचं खरं नावही नाही. खरं नाव लांबलचक आहे. लोक अली म्हणतात, म्हणून अली.

हे ऐकलं आणि आमच्या जुन्या सोसायटीतला रात्रीचा वॉचमन आठवला. नेपाळचा होता. सगळे त्याला बहादूर म्हणायचे, मीसुद्धा. सात-आठ वर्षं. तो डबा जिन्याखाली खायचा, पाण्याच्या मोटरशेजारी, स्टुलावर पेपर पसरून. दहावीच्या वर्षी क्लासहून उशीर झाला की कोपऱ्यापर्यंत टॉर्च घेऊन यायचा. मी ‘थँक्यू बहादूर’ म्हणून वर पळायचे.

त्याचं नाव काय होतं? उद्या सकाळी आईला फोन करून विचारायचं आहे.