अकिलीसची दुखापत : पायरीवरचे बारा आठवडे

नोंद जूनच्या पहिल्या आठवड्यापासूनची. उजवा पाय. टाचेच्या हाडापासून तीन बोटं वर चिमटीत धरलं की दुखतं, आणि तिथे अकिलीस, म्हणजे पोटरीचे स्नायू टाचेच्या हाडाला जोडणारी शीर, डाव्या पायापेक्षा जाड लागते. सकाळी पलंगावरून उतरल्यावर २० मिनिटं ताठरपणा, वेदना १० पैकी ५. धावताना दुसऱ्या किलोमीटरला दुखणं गायब, दुपारी पुन्हा हजर. या गायब होण्यालाच बहुतेक जण फसतात.

कारण डायरीतच सापडलं. तीन आठवड्यांत साप्ताहिक अंतर ३४ वरून ५२ किलोमीटर, त्यात नागपुरातल्या सेमिनरी हिल्स टेकडीचे चढ आठवड्यातून दोनदा, आणि त्याच पंधरवड्यात १० मिमी ड्रॉपचे (टाच पंजापेक्षा तेवढी उंच) बूट सोडून ४ मिमीचे घातले. यातलं एखादं खपलं असतं. चढावर टाच पंजाच्या पातळीखाली जाते, कमी ड्रॉपच्या बुटात आणखी खाली, आणि शीर ताणलेली असतानाच तिच्यावर भार पडतो. दम लवकर वाढतो, शीर सावकाश मजबूत होते.

आधी दोन गोष्टी तपासायच्या. मागून कुणी लाथ मारल्यासारखा ‘फट्’ आवाज होऊन दुखणं सुरू झालं असेल, तर पालथं झोपून दुसऱ्याला पोटरी दाबायला सांगा. पाऊल हललं नाही तर शीर तुटल्याची शंका घ्यायची आणि त्याच दिवशी हाडांच्या डॉक्टरांकडे जायचं. दुसरं म्हणजे अलीकडे सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा लिव्होफ्लॉक्सासिन घेतलंय का? या गटातल्या अँटिबायोटिकने अकिलीस दुखावते, क्वचित तुटतेही. डॉक्टरांना हे आपणहून सांगावं.

आठवडा १ ते २. धावणं बंद, पण पूर्ण आराम नाही. नुसत्या आरामाने दुखणं थांबतं, शीर मात्र आणखी कमकुवत होते. मग पहिल्याच रनला सगळं परत. दोन्ही टाचा उचलून ४५ सेकंद धरायच्या, मध्ये २ मिनिटं विश्रांती, असं ५ वेळा. बुटात १० मिमीचा टाचेचा तुकडा. मोच्याकडून ईव्हीएचा (बुटाच्या तळाला असतो तो फोम) कापून घेतला तरी चालतो. दोन्ही बुटांत घालायचा, एकाच बुटात घातला तर कंबर बोलायला लागते. घरातल्या फरशीवर अनवाणी चालणं बंद, टाच उंच असलेली चप्पल पलंगाशेजारी. पोटरीचं जोरदार स्ट्रेचिंगही बंद. ते करताना बरं वाटतं, दुसऱ्या सकाळी बिल येतं.

आठवडा ३ ते ८, म्हणजे खरं काम. स्वीडनचे अल्फ्रेडसन यांनी १९९८ मध्ये मांडलेली पद्धत : पायरीच्या काठावर पंजे, टाचा हवेत. दोन्ही पायांनी वर जायचं, भार दुखऱ्या पायावर घ्यायचा, त्या एकट्या पायाने सावकाश खाली यायचं. वर परत दोन्ही पायांनी, किंवा फक्त चांगल्या. गुडघा सरळ ठेवून १५ चे ३ सेट, मग किंचित वाकवून १५ चे ३. वाकवल्यावर पोटरीचा वरचा मोठा स्नायू बाजूला होतो आणि त्याखालच्या सोलियस स्नायूवर काम येतं. धावण्यात त्याचाच वाटा मोठा. हे दिवसातून दोनदा, म्हणजे १८० वेळा. मूळ पद्धतीत १२ आठवडे.

मात्र दुखणं अगदी टाचेच्या हाडाशी असेल तर पायरी नको, सपाट जमिनीवरच. टाच खाली गेली की शीर हाडावर दाबली जाते आणि चिघळते. हा फरक न बघता व्हिडिओ पाहून पायरीवर चढणारे पुष्कळ.

भार वाढवायला सॅकमध्ये ५ किलोचं कणकेचं पाकीट. सहाव्या आठवड्यात दोन. व्यायामात वेदना ५ पर्यंत चालते, पण दुसऱ्या सकाळचा आकडा चढला तर वजन कमी करायचं. सकाळचे आकडे : तिसरा आठवडा ४, पाचवा ३, आठवा २.

चौथ्या आठवड्यात गाडी घसरली. आकडा ३ वर आला म्हणून सेट अर्ध्यावर आणले आणि ५ किलोमीटर धावणं झालं. दोन सकाळी आकडा ५. दुसरी चूक जुलैतली : ओल्या, शेवाळलेल्या पायरीवर व्यायाम. पंजा सरकला की शिरेला झटका बसतो. पावसाळ्यात पायरी घरातलीच, आणि एक हात भिंतीला.

दम टिकवायला सायकल, पेडल पंजाच्या टोकाऐवजी पावलाच्या मध्यावर. पोहताना भिंतीला पायाने रेटा द्यायचा नाही.

आठवडा ९. धावायला परवानगी तीन गोष्टींवर : सकाळी २ किंवा कमी, ३० मिनिटं झपाट्याने चालून त्रास नाही, आणि एका पायावर २५ वेळा टाच पूर्ण उचलता येते. डावा ३१, उजवा २६. सुरुवात फुटाळा तलावाच्या काठाने सपाटीवर, १ मिनिट धाव, २ मिनिटं चाल, ८ फेऱ्या, जुन्या १० मिमीच्या बुटांत. एक दिवसाआडच धावायचं. भारानंतर साधारण दीड दिवस शिरेत बांधणीपेक्षा झीज जास्त चालते, रोज धावलं तर ती भरून निघत नाही.

आठवडा १२. सलग २५ मिनिटं, किलोमीटरला साडेसहा मिनिटांचा वेग, सकाळचा आकडा १. शीर अजून डाव्यापेक्षा जाड आहे. दुखणं गेल्यावरही जाडी बरेच महिने राहते, घाबरायचं कारण नाही. पायरी आता आठवड्यातून ३ दिवस, १० किलो कायम. आधी अंतर, मग वेग. सेमिनरी हिल्स सोळाव्या आठवड्यात, तेही आठवड्यातून एकदाच, उतरताना चालत.