नमुना

मंगळवार, रात्रीचे सव्वाबारा

दुपारपासून झड लागलीय. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी 31 फूट, असा मेसेज गल्लीच्या ग्रुपवर आला आणि आप्पांनी तो मला तीनदा वाचून दाखवला. चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका. गावभागात राहणाऱ्याला हे आकडे पाढ्यांसारखे पाठ असतात. मी हूं हूं केलं, पण लक्ष लॅपटॉपमध्ये. अमेरिकेत दुपार झाली की माझं दुकान उघडतं.

आज अपवर्कवर, म्हणजे घरबसल्या परदेशातली कामं मिळवायच्या साइटवर, एका कामाला अर्ज टाकला. निवृत्त मेकॅनिक आहेत, नातवंडांसाठी आठवणी लिहून हव्यात. 12 कनेक्ट गेले, म्हणजे अर्ज करायला लागणारी विकतची टोकनं. एक कनेक्ट 15 सेंटला, म्हणजे 'हे काम मी करते' एवढं म्हणायलाच 1 डॉलर 80 सेंट. हे आप्पांना सांगायची चूक मी मागे एकदा केली होती. त्यांनी मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी म्हणून चौतीस वर्षं शेतकऱ्यांच्या हिशोबाच्या पट्ट्या लिहिल्या.

"अडत कापतात ते कळलं. हमाली, तोलाई कळली. पण सौद्यात नुसतं उभं राहायचे पैसे?"

"हो."

"आणि माल नाही गेला तर?"

"पैसे गेले."

"मग तुझ्यापेक्षा आमचा शेतकरी बरा."

अपवर्कची अडतही आहेच म्हणा. 2023 पासून सरसकट दहा टक्के होती, 2025 मध्ये कामागणिक शून्य ते पंधरा केली. फायवर या दुसऱ्या साइटवर वीस. त्याचं मला फारसं वाईट वाटत नाही. सांगलीत बसून ओहायोतलं गिऱ्हाईक मला दुसरं कोण आणून देणार?

खरी अडचण निराळीच. यार्डात व्यापारी हळकुंड मोडून आतला रंग बघतो आणि मग बोली लावतो. मी काय मोडून दाखवू? दुसऱ्यांसाठी सात पुस्तकं लिहिलीत, एकावरही माझं नाव नाही, आणि करारात लिहिलंय की कुठे बोलायचंही नाही. एका कारखानदारांच्या आत्मचरित्राच्या प्रकाशनाला मी मागच्या रांगेत बसले होते. पाहुण्यांनी माझंच वाक्य वाचलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात कलम 57 आहे, हक्क विकून टाकले तरी 'हे मी लिहिलं' म्हणायचा अधिकार लेखकाकडे राहतो. पण तो मागायला गेलं तर पुढचं काम कोण देईल?

त्यामुळे पहिल्या दोन महिन्यांत एकोणीस अर्ज आणि उत्तर एक. तेही एका भामट्याचं. टेलिग्रामवर या म्हणाला, आणि तिथे गेल्यावर आधी अनामत भरा. आप्पा घरात नव्हते म्हणून बरं.

मग नमुनाच नवीन लिहायचा ठरवलं. शेजारच्या काकूंना बसवलं आणि 2019 चा पूर त्यांच्या तोंडून काढला. त्या वर्षी पाणी 57 फुटांवर गेलं होतं. तिसऱ्या पायरीला पाणी लागल्यावर काकू देव आणि पापडांचा डबा घेऊन माडीवर गेल्या. रेशनकार्ड खालीच राहिलं. देव ठीक, पण पापड का, ते त्यांना अजून सांगता येत नाही. "हाताला लागले," एवढंच म्हणाल्या. दोन पानं इंग्रजीत लिहायला मला सहा दिवस लागले. त्यांच्या 'वर जाऊन बसलो' मधला 'बसलो' इंग्रजीत बसेचना. त्यात भीती आहे, कंटाळा आहे, आणि थोडी मजासुद्धा आहे. काकूंना विचारलं, प्रोफाइलवर लावू का? म्हणाल्या, "लाव की. नाव माझंच घाल मात्र." म्हणजे स्वतःचा म्हणून केलेल्या नमुन्यावरही नाव दुसऱ्याचंच.

तो लावल्यावर चौथ्या अर्जाला ओहायोच्या बाईंचं उत्तर आलं. दर नाही, अनुभव नाही, एकच ओळ होती. पापडांचं पुढे काय झालं? काम मिळालं.

त्यांचं तिसरं प्रकरण देऊन आज अकरा दिवस झाले. नवऱ्याचा शेवटचा आठवडा आहे त्यात. फोनवर त्या सांगत होत्या तेव्हा मध्येच भांडी घासायला उठल्या होत्या. नळाचा आवाज येत राहिला आणि मी इकडे गप्प बसून राहिले. तो नळ मी प्रकरणात ठेवलाय. ठेवायला नको होता की काय, हेच अकरा दिवस डोक्यात चाललंय. चौदा दिवस गिऱ्हाईक काही बोललं नाही तर अपवर्ककडे ठेवलेले त्या टप्प्याचे पैसे आपोआप सुटतात, वर पाच दिवस थांबून हातात येतात. नियम माझ्याच बाजूचा आहे. तरी ते तसे सुटू नयेत असं वाटतंय. रागावून का होईना, बाईंनी लिहावं.

आत्ता आप्पा पाणी प्यायला उठले. दारातूनच विचारलं, "किती झालं?"

"बत्तीस."

"पाण्याचं नाही विचारलं. ते तुझे कनेक्ट किती राहिले?"

"सोळा."

"हं," म्हणाले आणि दिवा न लावताच परत गेले.