फीड संपते तेव्हा

कुठलीही नवीन सोशल मीडिया सेवा निघाली की मला सगळ्यात आधी घाई होते ती स्वतःचं नाव अडवून ठेवायची. पुढे तिथे काही लिहीन न लिहीन, पासवर्डसुद्धा विसरून जाईन, पण आपलं नाव दुसऱ्या कुणी पळवता कामा नये. आता माझ्या नावामागे लोक हात धुऊन लागलेत अशातला भाग नाही, तरी पण नावापुढे तीन आकडे लावल्याशिवाय अकाउंट मिळणार नाही म्हटलं की उगाच मनाला लागतं. तर ब्लूस्काय नावाच्या, ट्विटरसारख्याच अ‍ॅपवर नाव मिळालं, आकड्यांशिवाय मिळालं, आणि तिथेच माझं त्या अ‍ॅपबद्दलचं निम्मं मत चांगलं होऊन गेलं. ज्यांची स्वतःची वेबसाइट आहे त्यांना तर तिचा पत्ताच नाव म्हणून लावता येतो, त्यामुळे अकाउंट खरं की खोटं हे नावावरूनच कळतं. माझी वेबसाइट नाही, मला त्याचा उपयोग शून्य, पण कल्पना आवडली.

मी तशी उशिराच गेले. या अ‍ॅपचा जन्म मुळात ट्विटरच्या घरातला, डिसेंबर २०१९ मध्ये ट्विटरचा तेव्हाचा प्रमुख जॅक डॉर्सीने जाहीर केलेला प्रकल्प, पुढे ट्विटरचे मालक बदलले, नाव बदलून एक्स झालं, आणि हे पोरगं तोवर वेगळी चूल मांडून बसलेलं. २०२३ मध्ये सुरू झालं तेव्हा आमंत्रण असल्याशिवाय आत घेत नव्हते, मग फेब्रुवारी २०२४ मध्ये सगळ्यांना मोकळं केलं. या आमंत्रण प्रकाराची मला नेहमी गंमत वाटते. २००४ मध्ये गूगलचं ऑर्कुट, म्हणजे फेसबुकच्या आधीचं आपलं सोशल मीडिया, आलं तेव्हाही तेच, जीमेलचंही तेच. आत नक्की काय आहे हे कुणाला धड माहीत नसतं पण बाहेर राहिलेल्याचा जीव वरखाली होत असतो, ज्याला आमंत्रण मिळालंय तो मुद्दाम आतल्या गोष्टी बाहेर येऊन सांगतो, आणि एकदा सगळ्यांना प्रवेश मिळाला की तेच लोक म्हणतात, बघू सवडीने.

आत शिरताना ते आवडीनिवडी विचारतात. पुस्तकं, निसर्ग, विज्ञान, संगीत, राजकारण, खेळ, पाळीव प्राणी असे छोटे छोटे चौकोन असतात, हवे त्यावर बोट ठेवायचं. ही यादी भरताना माणूस स्वतःबद्दल फारच चांगलं मत करून घेतो असा माझा अनुभव आहे. मी पुस्तकं घेतली, विज्ञान घेतलं, निसर्ग, कला, फोटोग्राफी घेतली आणि राजकारणाला हातही लावला नाही. नवीन जागा, नवीन मी. मग तिथल्या डिस्कव्हर नावाच्या फीडमध्ये, म्हणजे एकाखाली एक येणाऱ्या पोस्टच्या रांगेत, फिरले तर सगळ्यात जास्त वेळ कुठे थांबले, एका अनोळखी माणसाच्या मांजराने लॅपटॉपवर बसून ऑफिसचा मेल पाठवून टाकला त्या पोस्टवर आणि कुठल्यातरी मंत्र्याच्या भाषणावर चाललेल्या भांडणावर. विज्ञानातला एक छान लांबलचक धागा, म्हणजे एकमेकींना जोडलेल्या पोस्टची मालिका होती, तो लाइक करून पुढे सरकले. लाइक केलं म्हणजे वाचल्यासारखंच की.

पण खरी गोष्ट पुढे आहे. तिथे दोन फीड शेजारी शेजारी असतात. एक ते डिस्कव्हर, त्यात अ‍ॅप स्वतः निवडून दाखवतं, आणि दुसरी फॉलोइंग, त्यात आपण ज्यांना फॉलो केलंय त्यांचंच, ज्या क्रमाने त्यांनी टाकलं त्याच क्रमाने. माझे फॉलो केलेले लोक मोजकेच, त्यातले दोघं-तिघं परगावी गेल्यासारखे गप्प. मी सवयीने अंगठा वर सरकवत होते, सरकवत होते, आणि एका जागी ते थांबलं. मला वाटलं नेट गेलं. पुन्हा ओढून बघितलं. नेट बरोबर होतं. खाली साधी सूचना, तुमची फीड इथे संपली, आणखी काही लोक शोधा.

संपली म्हणजे काय, फीड अशी संपते का कधी!

किती वर्षांनी असं झालं ते मला आठवतच नाही. पूर्वी वेबसाइटवर खाली पानांचे नंबर असायचे, एक, दोन, तीन, पुढे. तिथपर्यंत आलं की क्षणभर तरी डोक्यात यायचं की अजून बघायचंय का आता उठायचं. मग २००६ च्या सुमाराला अझा रास्किन नावाच्या डिझायनरने न संपणाऱ्या स्क्रोलची युक्ती काढली, बटण दाबायचे कष्ट नकोत, खाली जाल तसं पुढचं आपोआप येत राहील. हेतू चांगलाच होता. नंतर त्यानेच जाहीरपणे पश्चात्ताप व्यक्त केला, पण तोवर सगळ्यांनी ती युक्ती उचललेली होती. आणि आपल्याला तिची इतकी सवय झालीये की वाचायचं संपलं हीच मला अ‍ॅपमधली गडबड वाटली. मी फोन हातात धरून तशीच बसले, करायला काहीच नव्हतं म्हणून शेवटी दुसऱ्या एका अ‍ॅपमध्ये गेले जिथे संपत नाही. हे लिहायला बरं नाही वाटत पण झालं असंच.

दुसऱ्या दिवशी मात्र मला ते आवडायला लागलं. सकाळी उघडायचं, रात्रीतून लोकांनी काय काय टाकलंय ते वाचायचं, काल वाचलेली पोस्ट दिसली की समजायचं आपण पोचलो, बंद करायचं. वाचून झालं असं म्हणता येतं यात केवढं समाधान आहे. कुणी काही चांगलं लिहिलं असेल आणि आपल्याला दिसलंच नाही तर, ही जी बारीक टोचणी इतर ठिकाणी असते ती इथे नाही. सगळं दिसतं कारण मुळात सगळं मिळून थोडंच आहे.

आता एक फार बारीकशी गोष्ट, मराठीत टाइप करणाऱ्यांनाच तिचं महत्त्व. तिथे एका पोस्टला ३०० अक्षरांची मर्यादा आहे. ट्विटरची आधी १४० होती, ती का तर एसएमएस १६० चा आणि त्यातले २० नाव वगैरेसाठी राखून ठेवलेले, मग २०१७ मध्ये २८० केली. म्हणजे कागदावर फरक वीसाचा. पण ट्विटरवर मराठीत लिहिणाऱ्याला सदानकदा जागा कमी पडायची, कारण तिथे काना वेगळा मोजतात, वेलांटी वेगळी, मात्रा वेगळी, अनुस्वार वेगळा. नाही एवढं लिहिलं की चार अक्षरं संपली. ब्लूस्कायवर मी नाही लिहिलं आणि कोपऱ्यातला आकडा ३०० वरून २९८ वर आला. मी ते खोडून पुन्हा लिहून बघितलं. २९८. ना एक, ही एक, आपण जसं मोजतो तसं. मी त्यानंतर बराच वेळ नुसते शब्द टाइप करून आकडा बघत बसले होते, पोस्ट काही केलं नाही. कुणी मुद्दाम मराठीचा विचार करून केलं असेल असं नाही, इमोजीसकट सगळ्याच भाषांची डोळ्यांना दिसतात तशी अक्षरं मोजायची असं त्यांनी ठरवलं असणार आणि त्यात आपलंही भलं झालं. पण कित्येक वर्षं काना-मात्रेचा दंड भरलेल्या माणसाला हे केवढं वाटतं ते रोमनमध्ये लिहिणाऱ्याला कळायचं नाही.

आणि हो, फीड कुणीही बनवू शकतं. म्हणजे अमुक विषयाच्या पोस्ट गोळा करणारी फीड एखाद्याने तयार केली की ती बाकीच्यांनाही लावता येते. त्यातली एक आहे क्वाएट पोस्टर्स नावाची. आपण फॉलो केलेल्यांपैकी जे क्वचितच बोलतात फक्त त्यांच्याच पोस्ट त्यात येतात. ज्याला कुणाला हे सुचलं त्याला माझा नमस्कार. कारण प्रत्येक सोशल मीडियावर पाच-सहा लोक दिवसभर बोलत असतात आणि त्यांच्या गदारोळात तो एक माणूस, जो दोन महिन्यांतून एकदा येऊन बरा आहे एवढंच सांगून जातो, तो कायम वाहून जातो. इथे त्याच्यासाठी वेगळी जागा. मी फॉलो केलेल्यांत दिवसभर बोलणारं अजून कुणी नाहीये त्यामुळे माझ्याकडे त्या फीडचा उपयोग व्हायला वेळ आहे, पण लावून ठेवलीये.

पहिली पोस्ट काय टाकायची हा एक वेगळाच ताप असतो. इतरांचं बघितलं तर बहुतेकांनी हॅलो, टेस्टिंग, आलो बुवा एकदाचा, असंच काहीतरी लिहिलेलं. त्यात काही वाईट नाही, २१ मार्च २००६ ला जॅक डॉर्सीने टाकलेलं पहिलं ट्वीटसुद्धा मी अकाउंट लावतोय एवढ्याच अर्थाचं होतं. मी जरा बरं काहीतरी लिहायचं म्हणून विचार करून दोन वाक्यं लिहिली आणि पोस्ट केली. शून्य लाइक. तासाभराने शून्य. संध्याकाळी शून्य. कार्यक्रमाला वेळेआधी पोचलेल्या पाहुण्यासारखं झालं होतं, खुर्च्या मांडलेल्या, माइक लावलेला आणि आपणच एकटे इकडेतिकडे बघत. मग मी दुसरी पोस्ट टाकली, कुणी बघत नाहीये तर बिनधास्त टाकली, आणि तिसरी तर त्याहून. खूप दिवसांनी मी लिहिताना कुणाला काय वाटेल याचा विचार केला नाही. जुन्या ठिकाणी मी एक ओळ लिहिते आणि डोक्यात रांग लागते, हे मावशी वाचणार, हे ऑफिसातले वाचणार, हे ती शाळेतली मैत्रीण वाचणार आणि तिला वाटणार आपल्यालाच उद्देशून आहे, आणि मग मी ती ओळ खोडून सूर्यास्ताचा फोटो टाकते.

यावरून मला असं वाटायला लागलंय की नवीन सेवेत जे नवीन असतं ते तिच्या बटणांत फारसं नसतंच, आपली माणसं तिथे अजून पोचलेली नसतात हेच त्यातलं नवेपण. म्हणून जी सेवा आपली माणसं आयती गोळा करून देते तिच्यात मजा कमी. गूगल बझ आठवतंय का, फेब्रुवारी २०१० मध्ये आलं होतं, त्याने तुम्ही ज्यांना सगळ्यात जास्त मेल करता त्यांना परस्परच तुमच्या फॉलो यादीत घातलं आणि ती यादी बाहेरच्यांनाही दिसायची. लोक भडकले, पुढच्या वर्षीच्या अखेरीस ते बंद. थ्रेड्स जुलै २०२३ मध्ये आलं ते इन्स्टाग्रामच्या खांद्यावर बसून, पाच दिवसांत १० कोटी लोक. मीही गेले होते. पहिल्याच मिनिटाला सगळी ओळखीची मंडळी हजर, तेच चेहरे, तेच विनोद, फक्त फोटोच्या ऐवजी अक्षरं. गूगल प्लसने २०११ मध्ये यावर वर्तुळांचा उपाय काढला होता, मित्र एका वर्तुळात, घरचे दुसऱ्यात, ओळखीचे तिसऱ्यात, ज्याला जे दाखवायचं तेच दाखवा. हुशार कल्पना होती पण माणसांची अशी वर्गवारी करत बसायला कुणाला वेळ होता, शिवाय एखाद्याला मित्रांतून उचलून ओळखीच्यांत टाकताना हात जड व्हायचा, त्याला कळणार नसलं तरी. २०१९ च्या एप्रिलमध्ये तेही गेलं. ऑर्कुट तर त्याच्या आधीच, ३० सप्टेंबर २०१४ ला, आपल्या सगळ्यांचे स्क्रॅप, म्हणजे एकमेकांच्या पानावर लिहिलेले निरोप, आणि एकमेकांकडून आग्रहाने लिहून घेतलेली टेस्टिमोनियल, म्हणजे कौतुकाच्या ओळी, घेऊन.

पण आपली माणसं नसण्याचा एक त्रासही आहे आणि तो लगेच कळतो. कुणीतरी तिथे एक झकास विनोद टाकला, मी एकटीच हसले, आणि आता हे सांगायचं कुणाला! तिथे ओळखीचं कुणी नाही. मग स्क्रीनशॉट काढला आणि व्हॉट्सअ‍ॅपवर नेऊन बहिणीला पाठवला. ती हसली, तिने चार जणांना पाठवला, एकाने विचारलं हे कुठलं अ‍ॅप, असं करत करत माझा रोजचा उद्योगच तो होऊन बसला, तिकडून उचलायचं इकडे आणून टाकायचं. म्हणजे मी जुन्या जागेतून पळून नव्या जागेत जाते ते जुन्या जागेतल्यांना दाखवायला काहीतरी घेऊन यायला. आणि इतके स्क्रीनशॉट पाठवल्यावर जे व्हायचं तेच झालं, गेल्या आठवड्यात आमचा मावसभाऊ तिथे आला. एरवी हा माणूस कुठल्याच नव्या गोष्टीत पहिला नसतो. आल्या आल्या त्याने मला फॉलो केलं, माझ्या सगळ्या जुन्या पोस्ट, त्या बिनधास्तवाल्यासकट, ओळीने लाइक केल्या, एकामागोमाग एक फोन वाजत राहिला, आणि मग स्वतःची पहिली पोस्ट टाकली, उगवता सूर्य, थेंब पडलेलं गुलाबाचं फूल आणि वर सोनेरी अक्षरांत शुभ सकाळ.

दुपारपर्यंत त्या पोस्टला एकही लाइक नव्हतं. शून्य किती खुपतं हे ताजं ताजं माहीत असल्यामुळे मी ते दिलं. त्याचा लगेच मेसेज आला, ताई, मस्त आहे गं हे अ‍ॅप, एकदम शांत, कुणी त्रास देत नाही, घरच्या ग्रुपवर सगळ्यांना सांगू का?

मी म्हटलं, अरे थांब जरा, अजून नवीन आहे, नीट चालतंय का बघू दे.